रानातील सरडे, पाली व सापसुरळ्या : त्यांची ओळख

मृगाचा पाऊस पडून गेला की बांधावरचे दगड हलविताना, गंजीतला पेंढा उपसताना किंवा रानकडेची झुडपे तोडताना एखादा चकचकीत, लांबट प्राणी सळकन पुढे येतो आणि हातातला कोयता आपोआप वर जातो. प्राणी कोणता हे पाहण्यापूर्वीच तो मारला जातो. मारल्यावर गावात चर्चा होते. कोणी त्याला विषारी म्हणतो, कोणी सापाची मावशी म्हणतो, कोणी चंदनघोरपड म्हणतो. बहुतेक वेळा मेलेला प्राणी निरुपद्रवी, किंबहुना पिकावरचे किडे खाणारा असतो.

या अज्ञानाचे दुसरे फळ याहून कडू आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावते. जखम दिसत नाही, आग होत नाही. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, पाल चावली असेल, झोप. मण्यार चावल्यावर नेमके असेच घडते. तिचे दात बारीक असल्याने दंशाची खूण पुष्कळदा सापडत नाही व वेदनाही थोडी होते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि तोपर्यंत मोलाचे तास निघून गेलेले असतात. सरडा-पालींची खरी ओळख ग्रामसेवकाला व कृषी सहायकाला असावी, ती केवळ प्राणिशास्त्राच्या हौसेसाठी नव्हे.

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या साथीच्या काळात डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. सर्पविष व त्यावरील प्रतिविष हा या संस्थेच्या कार्याचा एक मोठा भाग होऊन गेला आहे. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढत्या प्रमाणात टोचावयाची व त्याच्या रक्तातून प्रतिविष काढावयाचे, अशी ही रीत होय. आपल्या देशात दवाखान्यातून मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेले असते. सरडा, पाल, सापसुरळी किंवा घोरपड यांच्या विषावरचे औषध कोठेही मिळत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. ज्यांच्या दंशाने माणसाला गंभीर विषबाधा होते म्हणून जे सरडे प्रसिद्ध आहेत, ते मेक्सिको व अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले आहेत. भारतात तसा एकही नाही.

साप की सापसुरळी

सर्वांत जास्त घोटाळा सापसुरळीविषयी होतो, म्हणून तिच्यापासून आरंभ करणे बरे. अंग गुळगुळीत, खवले तेल लावल्यासारखे चमकणारे, मान व डोके यांत फारसा फरक नाही, पाय इतके आखूड की पळताना ते दिसतही नाहीत. पाचोळ्यातून ती नागमोडी सरकते तेव्हा साप असल्याचा भास होणे स्वाभाविक आहे. काही जातींच्या पिलांची शेपटी तांबडी असते, त्यामुळे तर भीती दुणावते.

लांबून निरखल्यास चार खुणा दिसतात. पहिली अर्थातच पाय. दुसरी पापणी. सापसुरळी डोळा मिटते, साप कधीही मिटत नाही, कारण त्याला हलणारी पापणीच नसते. तिसरी खूण कानाची. सापसुरळीच्या जबड्यामागे कानाचे बारीक छिद्र असते, सापाला ते नसते. चौथी खूण मेलेल्या प्राण्यावर चांगली पाहता येते. सापाच्या पोटाखाली आडव्या रुंद पट्ट्या एकापुढे एक बसविलेल्या असतात, तर सापसुरळीच्या पोटावर पाठीसारखेच लहान खवले असतात. मात्र मेलेला साप असल्याची शंका असेल तर तो हाताने उलटू नये. मेलेल्या सापाचा जबडाही काही वेळ मिटू शकतो. काठी वापरावी.

सापसुरळीची शेपटी पकडली तर ती शेपटी टाकून पळते. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्याकडे पाहत बसतो आणि प्राणी निसटतो. पुढे नवी शेपटी येते, ती जुन्यापेक्षा आखूड व वेगळ्या रंगाची असते. पालींचेही असेच. सरड्याला, घोयऱ्याला व घोरपडीला ही सोय नाही. त्यामुळे अर्ध्यावर रंग बदललेली, नव्याने आलेली शेपटी दिसली की प्राणी पाल किंवा सापसुरळी यांच्या कुळातला आहे, असा अंदाज बांधता येतो.

माळरानावर सापसुरळीसारखाच, पण अधिक सडपातळ, लांब शेपटीचा व अंगावर फिकट रेघा असलेला एक लहान सरडा उन्हात पळताना दिसतो. त्याची खालची पापणी पारदर्शक होऊन डोळ्यावर कायमची बसलेली असल्याने तो सापाप्रमाणे डोळा मिटीत नाही. तेव्हा डोळ्याच्या एकाच खुणेवर विसंबून निर्णय देऊ नये, पाय अवश्य पाहावेत.

सरडा व त्याचे सोयरे

जुन्या पंचांगातून पल्लीपतन व सरटारोहण यांची फळे दिलेली असत. त्या फळांवर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न वेगळा, परंतु पाल वरून पडते व सरडा अंगावर चढतो हे निरीक्षण अचूक आहे. पाल छताला व भिंतीला चिकटून फिरते, सरडा नखांनी झाडावर चढतो. पालीच्या बोटांखाली पातळ पट्ट्या असतात, सरड्याच्या नसतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हणही ज्याने केली त्याने सरडा नीट पाहिला असला पाहिजे. निवडुंग, शेर व करवंदीचे कुंपण हेच या प्राण्याचे घर होय.

हा नेहमीचा बागेतला सरडा मुंबईच्या दाट वस्तीतही जुन्या झाडांच्या आश्रयाने टिकून आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेसारख्या जागी उन्हाळ्यात सकाळी बुंध्यावर मान वर-खाली करणारा नर शोधावा. मानेपासून पाठीवर काट्यांचा तुरा, कानाच्या वर काट्यांचे दोन लहान झुबके आणि मागे व वर वळलेले पाठीचे खवले या त्याच्या खुणा आहेत. विणीच्या दिवसांत नराचे डोके व गळा लालभडक होतो. या रंगामुळे तो दुरूनच माणसाचे रक्त शोषतो अशी समजूत काही ठिकाणी आहे. ती निराधार आहे. लाल रंग माद्यांना व प्रतिस्पर्धी नरांना दाखविण्यासाठी असतो. मादी मऊ जमिनीत खड्डा करून अंडी घालते व माती सारखी करून निघून जाते. भाजीच्या वाफ्यात खुरपताना पांढरी, कातड्यासारख्या कवचाची, लांबट अंडी निघाल्यास ती सापाचीच समजून ठेचू नयेत. ती होती तशी मातीआड करावीत.

सह्याद्रीच्या व कोकणच्या दाट झाडीत याचाच एक लहान व सडसडीत भाऊबंद राहतो. तो तपकिरी असतो आणि बुंध्याला चिकटून बसला की सालीपासून वेगळा ओळखू येत नाही. त्याच्या खांद्यापुढे कातडीची एक तिरपी, काळसर घडी असते. नेहमीच्या सरड्याला ही घडी नसते. शास्त्रज्ञांनी २०१८ साली त्याला जुन्या गटातून काढून वेगळ्या प्रजातीत घातले. शेतकऱ्याच्या दृष्टीने घडी पाहणे पुरेसे आहे.

माळावरचा पंखागळ्या सरडा मात्र वेळ देऊन पाहण्याजोगा आहे. हा झाडावर सहसा चढत नाही. दगडावर उभा राहून नर आपल्या गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो व मिटतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्याआधीच्या महिन्यांत निळा, काळा व नारिंगी असे तिन्ही रंग त्या पंख्यात झळकताना दिसतात. दुसरी सोपी खूण मागच्या पायाची. इतर सरड्यांना तेथे पाच बोटे असतात, याला चारच. २०१६ साली भारतीय संशोधकांनी या रंगीत पंखागळ्यांची एक नवी प्रजाती मांडली आणि तिला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. आज जगातील कोणत्याही भाषेत या प्राण्याविषयी लिहिणाऱ्याला हा मराठी शब्द लिहावा लागतो.

याच चाळकेवाडीवर पवनचक्क्या आहेत. तेथे केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी फार थोडे फिरकतात, आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढते व ते माणसाला कमी भितात. सरडा व ससाणा यांचे नाते इतके जवळचे आहे की एकाच्या जागेत बदल झाला की दुसऱ्याच्या जीवनात तो उमटतो. गायरान नांगरून टाकावयाचे की राखावयाचे याचा विचार करताना ग्रामपंचायतीने हेही ध्यानात घ्यावे.

घोयरा

घोयरा सरडा एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपूट फांदीला गुंडाळलेले आणि बोटे दोन व तीन अशा जुडग्यांत बांधलेली, जणू चिमटाच. दोन डोळे दोन दिशांना फिरतात. चाल अतिशय संथ, एक पाय पुढे टाकून डुलत राहणारी. जीभ मात्र विजेसारखी सुटते आणि लांबचा टोळ टिपून आणते. तो ज्या फांदीवर बसेल तिचा हुबेहूब रंग घेतो असे नाही. ऊन, थंडी, भय व राग यांप्रमाणे त्याचा रंग बदलतो. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, तेव्हाच तो रस्त्यावर गाडीखाली सापडतो किंवा मुलांच्या हाती लागतो. त्याला काठीवर चढवून जवळच्या झाडावर सोडणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

पाली : घरातल्या व रानातल्या

आपल्याकडील सरड्यांत आवाज करणारी जात म्हणजे पाल. शंकेची पाल चुकचुकते असे आपण म्हणतो ते उगाच नव्हे. घरातल्या पालींत एकीचे शेपूट बारीक काटेरी कड्यांचे असते व ती रात्री चुकचुकते. दुसरी मोठी, फिकट व पोटाला पिवळसर असते. पालीला पापणी नसल्याने ती जिभेने डोळा पुसते. तिची अंडी दोन, गोल व टणक कवचाची असतात.

पाल विषारी नाही. मग दुधात पाल पडली तर माणसे आजारी का पडतात? पालीच्या अंगावर व विष्ठेत आतड्याचे रोग निर्माण करणारे जंतू असू शकतात. म्हणून असे दूध किंवा भाजी निःसंकोच फेकून द्यावी, आणि शाळेच्या आहाराची भांडी नेहमी झाकून ठेवावीत. उलटी-जुलाब झाल्यास तो अन्नातील जंतूंचा विकार समजून उपचार करावा.

रानातल्या पाली वेगळ्या. लेणी, किल्ल्यांच्या भिंती व ओढ्याकाठचे मोठे खडक यांवर वीतभर किंवा त्याहून लांब, खडबडीत अंगाची पाल रात्री दिसते. तिच्या आकाराने माणूस दचकतो, एवढेच. दिवसा सावलीतल्या खडकावर फिरणाऱ्या बोटभर लांबीच्या पालींची बाहुली गोल असते व बोटांखाली रुंद पट्ट्या नसतात. यांच्या जाती एकेका डोंगरापुरत्या मर्यादित असू शकतात. २००८ साली साताऱ्याच्या नावाने एक नवी पाल नोंदली गेली. म्हणूनच अनोळखी पाल ‘कसली तरी पाल’ म्हणून सोडून देऊ नये, तिचे ठिकाण लिहून ठेवावे.

कोरड्या, दगडाळ टेकड्यांवर एक जाड शेपटीची, ठिपक्यांची पाल राहते. तिच्या पिलांच्या अंगावर गडद व फिकट आडवे पट्टे असतात. ही पाल डोळे मिटू शकते, कारण तिला इतर पालींना नसलेली पापणी आहे. शेपटीत चरबी साठविलेली असल्याने ती गाजरासारखी फुगीर दिसते. ती जमिनीवरून पाय उंच करून सावकाश चालते, पळून जात नाही, उलट तोंड उघडून फुसकारते. या धिटाईमुळेच तिला अत्यंत विषारी ठरवून ठेचले जाते. तिच्यात विष नाही. परंतु ज्या दगडाखाली ही राहते त्याच दगडाखाली फुरसेही राहते, हे विसरू नये. दगड उचलताना तो पलीकडून आपल्या दिशेने उलटवावा, म्हणजे खालचा प्राणी दगडाच्या आडून विरुद्ध बाजूस जाईल, आणि हात कधीही दगडाखाली घालू नये.

घोरपड

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी घोरपड एकाच जातीची आहे. लांब मान, सैल कातडी, दणकट पाय व नखे, चाबकासारखी शेपटी आणि सापासारखी लांब, दुभागलेली जीभ या खुणांवरून ती ओळखावी. पूर्ण वाढलेली घोरपड दीड मीटरपर्यंत किंवा त्याहूनही लांब होते. अशी जीभ पाहून लोक तिला सर्पकुळात ढकलतात. प्रत्यक्षात ती जिभेने वास घेते.

घोरपडीचे पिलू आईसारखे दिसत नाही. त्याच्या पाठीवर ठिपक्यांच्या उठावदार ओळी व गळ्यावर गडद रेघा असतात. वय वाढते तसे हे रंग मावळतात. अशा पिलालाच पुष्कळदा चंदनघोरपड म्हणतात, आणि त्याच्या फुंकराने माणूस मरतो असे सांगितले जाते. गुजरात व राजस्थानात याच पिलाला बिसकोब्रा म्हणून मारतात. घोरपडीच्या तोंडातील ग्रंथींवर अलीकडे पुष्कळ संशोधन झाले आहे, परंतु फुंकराने किंवा स्पर्शाने मृत्यू येण्याची गोष्ट खोटीच आहे. दंशाचे भय मात्र खरे आहे. कोंडलेली घोरपड शेपटीचे तडाखे देते व चावली तर लवकर सोडीत नाही. जखम खोल व घाणेरडी होते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन दवाखान्यात जावे व धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

घोरपड उंदीर, किडे, खेकडे, अंडी व मेलेली जनावरे खाते. कोंबड्यांच्या खुराड्यातली अंडी ती पळविते ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय खुराड्याची फट बुजविणे व अंडी संध्याकाळपूर्वी गोळा करणे हा होय. भाताच्या खाचरात उंदरांची बिळे उकरणारा हा प्राणी वर्षाकाठी काही अंडी घेऊन जातो, तर तो सौदा शेतकऱ्याला तोट्याचा आहे असे वाटत नाही. पावसाळ्यात मादी बिळात किंवा वारुळात अंडी घालते. बांधावरचे वारूळ सरसकट खणून काढण्यापूर्वी एवढे पाहावे.

सिंहगडाच्या १६७० सालच्या लढाईच्या कथेत यशवंती घोरपडीचे नाव येते. कथेतला ऐतिहासिक भाग किती हा इतिहासकारांचा विषय आहे. घोरपड खडकाच्या भेगेत अंग फुगवून घट्ट बसते हे मात्र कोणीही पाहू शकतो. तिला पकडणाऱ्यांनीही या गुणाचाच फायदा घेतला. मांस, कातडे व सांधेदुखीवरचे म्हणून विकले जाणारे तेल यांसाठी तिची हत्या होत आली. त्या तेलाने सांधे बरे होतात याला आधार नाही. याहून चमत्कारिक व्यापार हत्थाजोडीचा. लक्ष्मी आणणारी दुर्मिळ मुळी म्हणून पूजेच्या दुकानांतून व संगणकाच्या बाजारातून विकली जाणारी वस्तू म्हणजे नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ साली देशभर पडलेल्या धाडींतून लोकांपुढे आले. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिची शिकार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आहे. मुळी समजून हत्थाजोडी घरात ठेवणारा भाविकही या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो, म्हणून ग्रामसेवकांनी ही माहिती बाजाराच्या दिवशी अवश्य सांगावी.

नोंद कशी करावी

मुंबईत २२ डॉक्टर-व्यापाऱ्यांची नव्हे, अवघ्या आठ जणांची एक बैठक १५ सप्टेंबर १८८३ रोजी झाली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्य होते. गिरगावात ज्यांचे मंदिर आहे त्या प्रार्थना समाजाचे संस्थापक तेच हे आत्माराम पांडुरंग. आरंभीच्या बैठका भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात भरत. आता सोसायटीचे कार्यालय फोर्ट भागात शहीद भगतसिंग मार्गावरील हॉर्नबिल हाउसमध्ये असून तेथे सरपटणाऱ्या प्राण्यांचे नमुने जतन केलेले आहेत. जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही निसर्गविभाग आहे. कामानिमित्त मुंबईस येणाऱ्या ग्रामसेवकाने एक दुपार तेथे घालवावी.

पूर्वी ओळख पटविण्यासाठी प्राणी मारून मद्यार्कात बुडवून पाठवीत. आज त्याची गरज नाही, आणि परवानगीवाचून तसे करणे गुन्हाही ठरू शकते. भ्रमणध्वनीवर तीन छायाचित्रे घ्यावीत : एक संपूर्ण अंगाचे, एक डोक्याचे बाजूने, आणि शक्य झाल्यास एक पायाच्या बोटांचे. सोबत गाव, तारीख, वेळ, जागा (झाड, खडक, पाचोळा की घर) आणि अंदाजे लांबी लिहावी. लांबीचा अंदाज भीतीने दुप्पट होतो, म्हणून जवळच्या विटेशी किंवा काठीशी तुलना करून लिहिणे चांगले. प्राणी हातात धरून छायाचित्र काढू नये. घोरपड घरात किंवा विहिरीत अडकली असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. विहिरीत एक फांदी तिरपी सोडून ठेवल्यास ती बहुधा मदत येण्यापूर्वीच आपली आपण वर चढून गेलेली असते.

चावणारा प्राणी दिसलाच नाही, अशा वेळी मात्र ओळख पटविण्यात वेळ दवडू नये. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. तो अवयव हलू न देता रोग्याला तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. पाल होती की मण्यार, हे तेथे रोग्याच्या पापण्या व श्वास पाहून डॉक्टर ठरवितील.